जपानमध्ये एमबीए करताना इंटर्नशिप: बिनपगारी तीन महिने घ्यावेत की पाच दिवसांची निवड?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा पुण्याचा, आयटीत तीन वर्षं नोकरी केलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोजवळच्या एका बिझनेस स्कूलमध्ये दोन वर्षांच्या इंग्रजी एमबीएला दाखल झाला. जपानी भाषा परीक्षेची एन-४ पातळी झाली आहे, त्यावरच्या एन-३ ची तयारी चालू आहे (आकडा जितका लहान, तितकी पातळी अवघड). पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यासाठी दोन पर्याय समोर आहेत. एक स्टार्टअप जुलैपासून तीन महिने, आठवड्याला पाच दिवस बोलावतं आहे. पगार नाही, "प्रवासखर्च" म्हणून रोज १,००० येन. काम भारतीय बाजारपेठेचा अभ्यास करण्याचं आणि भारतातल्या संभाव्य ग्राहकांशी बोलण्याचं. दुसरीकडे एका मोठ्या उत्पादक कंपनीची पाच दिवसांची इंटर्नशिप आहे, ती पूर्ण जपानीत. नोकरीच्या दृष्टीनं कुठली घ्यावी, आणि विद्यार्थ्यांसाठीच्या आठवड्याला २८ तास कामाच्या नियमाचं काय, असं त्याला विचारायचं आहे.

परदेशी विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपची कागदपत्रं आणि करार तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही "अ की ब" असं विचारलं आहे, पण हे दोन पर्याय एकाच जातीचे नाहीत. पाच दिवसांची इंटर्नशिप हा भरतीच्या रांगेत उभं राहण्याचा मार्ग आहे. तीन महिन्यांचं काम म्हणजे प्रत्यक्ष नोकरीच, फक्त तिला नोकरी म्हटलेलं नाही. म्हणून आधी तीन गोष्टी तपासा: तुमचा व्हिसा कशाला परवानगी देतो, तो करार कायद्याच्या नजरेत काय आहे, आणि पदवीनंतर तुम्ही नवपदवीधर म्हणून अर्ज करणार की अनुभवी उमेदवार म्हणून. या तिन्हींची उत्तरं मिळाली की निवड करायला फार वेळ लागत नाही.

व्हिसापासून सुरू करतो, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते. स्टुडंट व्हिसावर मोबदला घेऊन काम करायचं तर "शिकाकुगाई कात्सुदो क्योका" ही वेगळी परवानगी लागते. बहुतेकांनी ती विमानतळावर उतरतानाच घेतलेली असते. रेसिडेन्स कार्डाच्या मागच्या बाजूला तसा शिक्का आहे का, हे आजच बघा. नसेल तर इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करा. शुल्क नाही, पण निकालाला काही आठवडे लागू शकतात.

या परवानगीत आठवड्याला २८ तास मिळतात. हा आठवडा सोमवार ते रविवार असा ठरलेला नसतो. कुठल्याही वारापासून सलग सात दिवस मोजले तरी बेरीज २८ च्या आत असावी लागते, आणि तीही सगळ्या कामांची मिळून. संध्याकाळी कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानात, आठवड्याला १२ तास करत असाल, तर इंटर्नशिपसाठी १६ च उरतात. दीर्घ सुट्टीत मर्यादा दिवसाला ८ तासांपर्यंत वाढते, म्हणजे कामगार कायद्याच्या हिशेबानं आठवड्याला ४०. इथे "सुट्टी" म्हणजे विद्यापीठाच्या नियमावलीत तारखांसह नोंदवलेली सुट्टी. तुमची लेक्चर्स लवकर संपली, या सत्रात एकच विषय आहे, थिसिस घरून लिहितो आहे, यातलं काहीही सुट्टी धरलं जात नाही. स्टार्टअपला तुम्ही जुलैपासून हवे आहात. तुमच्या विद्यापीठाची सुट्टी ऑगस्टच्या सुरुवातीला लागत असेल, तर पगारी झालं तरी जुलैत पाच दिवस पूर्णवेळ काम नियमात बसणारच नाही.

"कोण बघतंय?" असं म्हणणारे मित्र भेटतील. व्हिसा वाढवताना किंवा स्टुडंट व्हिसावरून कामाच्या व्हिसावर जाताना उत्पन्नाचा आणि कराचा दाखला मागितला जातो. वर्षभराचं उत्पन्न तासाच्या दरानं भागलं की किती तास काम झालं, ते तिथल्या तिथे दिसतं. हातात नोकरी असताना केवळ या कारणानं व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

२८ तासांच्या पलीकडे जाण्याचा एक सरळ मार्गही आहे. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला करिअरशी संबंधित इंटर्नशिपसाठी वेगळी, त्या एका कामापुरती परवानगी मागता येते. पदवीच्या विद्यार्थ्याला शेवटचं वर्ष आणि आवश्यक क्रेडिटपैकी नव्वद टक्के पूर्ण अशी अट आहे, मास्टर्सच्या विद्यार्थ्याला दुसरं वर्ष. तुम्ही दुसऱ्या वर्षात गेल्यावर ही वाट खुली होईल. या उन्हाळ्यात ती नाही.

आता "पगार नाही" या शब्दांकडे येऊ. बिनपगारी इंटर्नशिपला परवानगी लागत नाही, हे खरं आहे. म्हणून काही कंपन्या आणि बरेच विद्यार्थीही तिला सोपा रस्ता समजतात. पण इंटर्न हा "कामगार" आहे की "शिकणारा", हे करारावरच्या शीर्षकावरून ठरत नाही. कामगार मंत्रालयानं १९९७ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात कसोटी प्रत्यक्ष कामाची आहे. नुसतं पाहणं, अनुभव घेणं असेल तर तो शिकणारा. वरिष्ठाच्या हुकुमानुसार, ठरलेल्या वेळेत काम करतो आणि त्या कामाचा थेट फायदा कंपनीला होतो, तर तो कामगार, आणि मग किमान वेतन द्यावंच लागतं. तुम्ही भारतातल्या ग्राहकांना फोन करणार, अहवाल तयार करणार, कंपनी तो विक्रीसाठी वापरणार. हे काम आहे. वर रोजचे ठरावीक १,००० येन प्रत्यक्ष तिकिटाच्या खर्चाशी जुळत नसतील, तर तेही मोबदला म्हणून पाहिले जाऊ शकतात. म्हणजे ही "बिनपगारी" इंटर्नशिप ना धड बिनपगारी राहते ना धड पगारी.

आकड्यांत बघा. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन आहे. सुट्टीतले आठ आठवडे, ४० तासांप्रमाणे, म्हणजे ३२० तास. त्यांचे ३,९२,३२० येन होतात. त्याऐवजी तुम्हाला ४० दिवसांचे ४०,००० येन मिळणार. शिवाय कामावर जाताना अपघात झाला तर? पगारी इंटर्नला रोसाइ, म्हणजे कामगार अपघात विमा, व्हिसा कुठलाही असला तरी लागू होतो आणि त्याचा पूर्ण हप्ता कंपनी भरते. शिकणारा म्हणून गेलेल्याला तो मिळत नाही. त्याला विद्यापीठामार्फत मिळणाऱ्या विद्यार्थी विम्यावर अवलंबून राहावं लागतं, त्याचं लोकप्रिय नाव "गाक्केनसाइ". तो तुमच्या स्वतःच्या इजेचा विमा आहे. कंपनीचा लॅपटॉप पडला किंवा कुणाचं नुकसान झालं, तर त्यासाठीची जबाबदारीची जोड, "गाक्केनबाइ", वेगळी घ्यावी लागते. आणि इंटर्नशिप विद्यापीठानं मान्य केलेली असावी लागते, म्हणून जाण्याआधी विद्यार्थी कार्यालयात तिची नोंद करायला विसरू नका.

पगार देतो म्हणणाऱ्या कंपनीकडेही एक खाच असते. करार "कोयो केइयाकु", म्हणजे नोकरीचा, आहे की "ग्योमु इताकु", म्हणजे कंत्राटी कामाचा, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा. स्टार्टअपना दुसरा प्रकार आवडतो, कारण त्यात विमा नाही, किमान वेतन नाही, तासांची नोंद नाही. पण २८ तासांची सर्वसाधारण परवानगी ज्यात तास मोजता येतात अशा नोकरीसाठी आहे. कंत्राटी कामासाठी बहुधा स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. नोकरीचा करार असेल तर कंपनी "रोदो जोकेन त्सुचिशो" हा कामाच्या अटींचा कागद देते. त्यावर तासाचा दर, कामाची वेळ, पगाराचा दिवस आणि मुदत लिहिलेली असते. तो कागद हातात येईपर्यंत सुरुवात करू नका. मग तो विद्यापीठाच्या करिअर ऑफिसमध्ये दाखवा. वाचायला दहा मिनिटं लागतात. भारतातल्या कंपनीसाठी जपानमध्ये बसून ऑनलाइन केलेलं पगारी कामही याच परवानगीत मोजलं जातं, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता पाच दिवसांच्या पर्यायाबद्दल. जपानमध्ये अनेक वर्षं एका दिवसाच्या माहिती-सत्रालासुद्धा इंटर्नशिप म्हणत. २०२२ मध्ये तीन मंत्रालयांनी आपली भूमिका बदलली आणि आता चार प्रकार धरले जातात. पहिले दोन, म्हणजे कंपनीची ओळख करून देणारी सत्रं आणि करिअर शिक्षण, यांना इंटर्नशिप म्हणायचं नाही. तिसरा प्रकार खरी इंटर्नशिप. ती किमान पाच दिवसांची असते, विशेष कौशल्याची असेल तर किमान दोन आठवड्यांची. निम्म्याहून जास्त दिवस प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, कर्मचाऱ्याचं मार्गदर्शन, शेवटी अभिप्राय, आणि सगळं दीर्घ सुट्टीत. चौथा प्रकार संशोधनाकडे आणि उच्च कौशल्याकडे झुकलेला, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात मिळालेली तुमची माहिती कंपनीला पुढे भरतीत वापरता येते. म्हणून तुमची पाच दिवसांची इंटर्नशिप तिसऱ्या प्रकारात मोडते का, हे जाहिरातीत शोधा. निकष पाळणाऱ्या कंपन्या तसं चिन्ह लावतात. चिन्ह नसेल आणि कार्यक्रमात फक्त व्याख्यानं आणि गटचर्चा असतील, तर तो पहिला प्रकार आहे. जायला हरकत नाही, पण त्यासाठी दुसरं काही सोडू नका.

इथे कॅलेंडर महत्त्वाचं ठरतं, आणि इंग्रजी कोर्सला येणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. जपानी कंपन्यांची नवपदवीधर भरती एप्रिलच्या रुजू होण्याला बांधलेली आहे. रुजू होण्याच्या आदल्या वर्षी १ मार्चला माहिती खुली होते, १ जूनपासून निवड, १ ऑक्टोबरला औपचारिक नियुक्तीपत्र, म्हणजे "नाइतेइ". त्याच्याही आदल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. तुम्ही २०२७ च्या उन्हाळ्यात पदवी घेणार, म्हणजे तुमची तुकडी एप्रिल २०२८ ची. तिच्या इंटर्नशिप २०२६ च्या उन्हाळ्यातच होतात आणि अर्ज मे-जूनपासून बंद व्हायला लागतात. दुसऱ्या वर्षी बघू, असं म्हणणाऱ्याची फेरी तोवर निघून गेलेली असते. बऱ्याच कंपन्या ऑक्टोबरमध्येही लोक घेतात, पण जागा कमी असतात. पदवी आणि एप्रिल यांच्यामधल्या महिन्यांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे: नाइतेइ हातात असेल तर रुजू होईपर्यंत राहण्यासाठी "तोकुतेइ कात्सुदो", म्हणजे ठरावीक कारणासाठी राहण्याचा, हा व्हिसाचा दर्जा मागता येतो. मात्र पदवी मिळाल्या दिवसापासून २८ तासांची परवानगी संपते, कार्डावर तारीख शिल्लक असली तरी. पदवीनंतर "उरलेली इंटर्नशिप पूर्ण करतो" असं करू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक रस्ता आहे, आणि माझ्या मते तो तुम्ही गांभीर्यानं बघायला हवा. तुमच्याकडे तीन वर्षांचा अनुभव आहे. नवपदवीधरांच्या रांगेत तुम्ही बावीस वर्षांच्या जपानी मुलांसोबत बसणार: ४०० अक्षरांत "विद्यार्थिदशेत मी काय केलं" लिहायला लावणारी एन्ट्री शीट, म्हणजे कंपनीचा अर्ज, मग एसपीआयसारखी गणित आणि भाषेची, वेळेशी शर्यत लावणारी परीक्षा. एसपीआयच्या गणिताचा तुम्हाला त्रास होणार नाही, पण जपानी भाषेच्या भागात एन-३ वर टिकाव लागणं अवघड आहे. अनुभवी भरतीत एन्ट्री शीट नसते. तिथे "शोकुमु केइरेकिशो", म्हणजे केलेल्या कामाचा तपशील, वाचला जातो. तिथे पाच दिवसांच्या इंटर्नशिपला फारसं वजन नाही. जपानी कंपनीत जपानी वरिष्ठाखाली काही महिने केलेल्या कामाला मात्र आहे. कुठला रस्ता घ्यायचा हे भाषेवर, वयावर आणि कंपनीवर अवलंबून असतं. उत्पादन क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्या मुख्यालयात एन-२ च्या खाली सहसा बघत नाहीत. भारतातल्या व्यवसायासाठी माणूस हवा असलेली कंपनी एन-३ वरही बोलते. चाकण, तळेगाव, सुपे इथे कारखाने असलेल्या जपानी कंपन्यांची नावं काढून बसा. त्यांना टोकियोच्या बैठकीत काय ठरलं आणि पुण्यात ते का अडलं, हे दोन्ही समजणारा माणूस हवा असतो, आणि एमबीए केलेल्या मराठी विद्यार्थ्याची ही बाजू इतरांकडे नाही.

कामावर रुजू झाल्यावर काय बिघडतं, तेही सांगतो. सगळ्यात नेहमीची तक्रार इंटर्नला काम येत नाही, ही नसते. तो चार दिवस गायब होतो आणि पाचव्या दिवशी ४० स्लाइड घेऊन येतो, ही असते. वरिष्ठानं "भारतातला बाजार जरा बघ" म्हटलं की आपल्याला वाटतं, पूर्ण करूनच दाखवावं. त्यांना तासाभरात एक पान हवं असतं, म्हणजे दिशा बरोबर आहे का ते कळेल. कळवणं, माहिती देणं, विचारणं, याला तिथे "होरेन्सो" म्हणतात, आणि त्यातलं शेवटचं, विचारणं, आपल्याकडे सर्वात कमी होतं. काम मिळताच तीन गोष्टी उलट विचारून घ्या: हे कोण वाचणार, कधीपर्यंत, आणि किती पानांत. एक तृतीयांश झालं की कच्चं दाखवा. निघण्याआधी रोजचा अहवाल, "निप्पो", पाठवा. पाच ओळी पुरतात: काय केलं, काय कळलं, कुठे अडलं, काय विचारायचं आहे, उद्या काय. वाईट बातमी त्यात लपवू नका. भारतातला ग्राहक उत्तर देत नाही, हे तिसऱ्या दिवशी कळलं तर वरिष्ठ तोडगा काढतो. तिसऱ्या आठवड्यात कळलं तर तुमच्यावरचा विश्वास जातो. आणि कुणी "केन्तो शिमासु", म्हणजे विचार करतो, म्हणालं तर त्याला होकार समजून पुढच्या कामाला लागू नका. बहुतेक वेळा तो सौम्य नकार असतो.

खरोखर काम नाही, असंही होतं. इंटर्न घ्यायचं मनुष्यबळ विभाग ठरवतो आणि ज्या विभागात बसवतात त्यांना आदल्या दिवशी कळतं. यावर उपाय आधीच करायचा असतो. सुरू होण्यापूर्वी मार्गदर्शकाचं नाव, कामाचा विषय आणि शेवटी काय सादर करायचं, हे मेलवर लिहून घ्या. गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी ते भाषांतर करून वाचा. कंपनीची माहिती स्वतःच्या लॅपटॉपवर घेणं, एआय चॅटमध्ये टाकणं, कार्यालयातला फोटो सोशल मीडियावर टाकणं, यातलं प्रत्येक त्यात बहुधा मनाई केलेलं असतं. शेवटच्या आठवड्यात दोन गोष्टी मागा: लेखी अभिप्राय, आणि तुमच्या कामाचं बाहेर सांगता येईल असं दोन ओळींचं वर्णन, वरिष्ठाच्या संमतीनं. ते वर्णन नसेल तर पुढच्या मुलाखतीत तुम्ही गोपनीयतेच्या भीतीनं मोघम बोलता, आणि मोघम बोलणाऱ्यानं काही केलं नसावं, असा समज होतो.

भारतातल्या कॉलेजात शिकत असलेले कुणी हे वाचत असतील तर त्यांचे नियम वेगळे आहेत. बिनपगारी आणि ९० दिवसांपर्यंत असेल तर अल्पमुदतीचा व्हिसा, बिनपगारी पण त्याहून जास्त असेल तर सांस्कृतिक कार्याचा दर्जा. पगारी असेल तर तोकुतेइ कात्सुदो: विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात करार हवा, इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग हवी, दूरशिक्षण चालत नाही, एका वर्षापेक्षा जास्त नाही आणि एकूण काळ अभ्यासक्रमाच्या निम्म्याहून जास्त नाही. त्यासाठी व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राला साधारण एक ते तीन महिने लागतात आणि ते मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये पोहोचावं लागतं. म्हणून तारखा उलट मोजून ठरवा.

तुमच्याकडे परत येतो. स्टार्टअपला नकार देण्याआधी एकदा बदल सुचवा: नोकरीचा करार, किमान वेतन किंवा वर, सुट्टीचे आठ आठवडे पूर्णवेळ, आणि सत्र सुरू झाल्यावर आठवड्याला दोन दिवस, १६ तास. त्यातले पाच दिवस दुसऱ्या कंपनीसाठी रजा हवी, हेही याच मेलमध्ये लिहा. काम तुमच्या अनुभवाला जुळणारं आहे, म्हणून हे मागणं वाजवी आहे, आणि चांगली कंपनी यावर चर्चा करते. "इंटर्नला पगार देण्याची आमची पद्धत नाही" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. पाच दिवसांसाठी अर्ज कराच. निवड झाली नाही तरी जपानीत एन्ट्री शीट लिहिण्याचा सराव होतो, तो पुढच्या मार्चला लागणारच आहे. दोन्ही हुकलं तर टोकियोच्या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी रोजगार सेवा केंद्रात जा. नागोया, ओसाका आणि फुकुओकातही अशी केंद्रं आहेत. ती परदेशी विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीच्या इंटर्नशिप जुळवून देतात, आणि सेवा मोफत आहे. जुलैच्या पहिल्या रविवारी एन-३ द्या, डिसेंबरला एन-२. डिसेंबरची नोंदणी उन्हाळ्याच्या अखेरीस, तुम्ही इंटर्नशिपच्या गडबडीत असतानाच उघडते, तेव्हा तारीख आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा. कराराचा मसुदा हाती आला की दर, तास आणि कराराचा प्रकार इथे लिहा, कंपनीचं नाव काढून. मी वाचून सांगेन.